मकरेमास्तरांच्या गोलातला नारळ

फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या सकाळी मी आमच्याच गोलकीपरच्या गोलात जाऊन नारळ फोडला. असला गाढवपणा करायला मुलगी गिरणगावातलीच लागते. शिवाय ती सतरा वर्षांची, भाविक आणि प्रेमात पडलेली असावी लागते. मी सगळंच होते. ज्यांच्यासाठी फोडला ते आता असणं शक्य नाही, माझे वडील नाहीत, आणि गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी आहे. तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

माणसाचं नाव मॅक्रे. स्कॉटलंडचे. लालबागच्या आमच्या चाळीने त्यांचं मकरेमास्तर करून टाकलं होतं, जणू काल देवगडहून बोटीने उतरले. गिरणीत ते बॉयलरखात्यात फिटर होते आणि गिरणीच्या टीमचे गोलकीपर. देश स्वतंत्र झाला तसे बाकीचे गोरे निघून गेले, हे राहिले. मराठी शिकले ते साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, मालवणी कामगारांकडून. मी शाळेत जाऊन मालवणी सोडून ‘आहे-नाही’ करायला लागले होते, आणि हा लाल तोंडाचा साहेब आमच्या दारात उभा राहून आईला विचारायचा, ‘वैनी, आज बांगडो आसा मां?’

आई खोलीतच खानावळ चालवायची. मास्तरांचा गुडघा वाकत नसे, म्हणून एक पाय बाहेर गॅलरीत सोडून ते पाटावर बसत. बोटं सगळी वेडीवाकडी, पुढचे दोन दात गायब, वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठे. ह्या मुद्देमालाच्या मी प्रेमात होते. डबा पोचवायचा असला की वेणी दोनदा घालायची. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. माझी पहिली भाकरी त्यांनी ताटातून उचलली, बोटाने वाजवली आणि म्हणाले, ‘ही गोलात उभी कर गो. माका सुट्टी.’ मी ते कौतुक समजून आठवडाभर हवेत होते.

जीभ अशी की तिला धार लावायची गरज नसे. आमच्या गिरणीच्या टीममधल्या एका पोराने समोरचा मोकळा गोल चुकवला, तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं. मास्तरांनी भर मैदानात त्याला सांगितलं, ‘लग्नाक माका बोलव. हार मी घालतंय. तू घालूक गेलस तर खंयच्यातरी म्हातारेच्या गळ्यात पडतलो.’ लग्नात त्या पोराचे हात इतके थरथरले की नवरीने स्वतःच मान पुढे केली.

स्वतःलाही ते सोडत नसत. त्यांचं गाव कोळशाच्या खाणींचं. लहानपणी धावता येत नव्हतं, म्हणून पोरांनी गोलात उभं केलं, आणि तिथे ते असे चिकटले की पुढे एका क्लबाने पगारावर ठेवलं. काही वर्षं गावात मान होता. मग एका मोठ्या सामन्यात, म्हातारीने ढकलावा तसा सावकाश आलेला चेंडू त्यांच्या दोन पायांमधून निघून गेला. गाव रागावलं नाही. गाव हसलं. न्हावी खुर्चीत बसवून म्हणायचा, गुडघे जुळव बाबा, कात्री खाली पडेल. आजारी बापही हसत हसतच गेला, असं ते सांगायचे. खरंखोटं देव जाणे. शेवटी बोटीवर इंजिनाचं काम मिळवलं आणि मुंबईला उतरले ते उतरलेच. हे सगळं माशाचा काटा काढत सांगायचे आणि वर म्हणायचे, ‘गोलकीपराक कोण इचारता? गोल झालो काय सगळे इचारतत.’

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आमच्याकडे सकाळ मोर्च्याने उजाडायची. नवा मॅनेजर गोऱ्या फिटरला काढायला टपलेलाच होता. त्याने साफ सांगितलं, यंदा ढाल जिंकून दिलीत तर नोकरी आणि गिरणीतली खोली राहील, नाहीतर बोटीचं तिकीट. मास्तरांना परत त्या गावात पाठवणं म्हणजे काय, हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर अन्नपाणी सोडलं होतं, म्हणजे आई बघत असेल तेव्हा.

टीमचा नारळ दरवर्षी माझे वडील फोडायचे. ते साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, आणि टीमचे सेक्रेटरी. मैदानाबाहेर झेंड्याच्या दगडावर फोडायचा आणि तुकडा न् तुकडा गोळा करायचा, कारण अर्धी टीम अनवाणी खेळे. मला वाटलं, देवाला झेंड्यापाशी बोलावून काय उपयोग, राखायचा तर गोल आहे. म्हणून उजाडताच खानावळीतला नारळ पदराखाली घेऊन गेले आणि गोलच्या लाकडी खांबावर आपटला. चांगला ठिकऱ्या ठिकऱ्या झाला. चिखलातून सापडले तेवढे तुकडे उचलले, एक प्रसाद म्हणून खाल्ला आणि धन्य होऊन घरी आले.

सामन्याला वरळीच्या बीडीडी चाळींतून, शिवडीच्या गोदीतून माणसं चालत आली होती. मास्तरांनी चेंडू अडवला की लोक ओरडत, ‘झालाच पाहिजे.’ काय झालाच पाहिजे ते सांगायची तेव्हा गरज नसे. मी गोलच्या मागे, बायकांच्या घोळक्यात. शेवटाला थोडा वेळ उरला असताना एक जोरदार चेंडू डाव्या कोपऱ्यात आला. मास्तरांनी सबंध अंग फेकलं आणि चेंडू बाहेर घालवला. मैदान नाचायला लागलं. मास्तर उठले, आमच्याकडे तोंड करून त्यांनी तळव्यातून काहीतरी उपसलं, क्षणभर पाहिलं आणि खिशात टाकलं. करवंटीचा तुकडा होता, बोटाएवढा. चिखलात रक्त कोणाला दिसलं नाही. मला दिसलं.

मग एक साधा चेंडू आला. इतका साधा की मीही धरला असता. मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले, पण एक हात मिटलाच नाही. चेंडू बोटांवरून घरंगळून आत गेला, आणि त्याच्याबरोबर ढालही गेली.

त्या दिवसांत ‘फितूर’ हा शब्द फार स्वस्त होता. गोऱ्याने पैसे खाल्ले, मॅच विकली. आधी बीडीडीवाल्यांकडून आवाज आला, मग सगळीकडून, आणि सगळ्यांत मोठा माझ्या वडिलांचा. चपला आल्या. आयुष्यभर समोरून येईल ते अडवणारा माणूस हात खाली सोडून उभा राहिला. मीही तोंड उघडलं नाही. घरी येऊन मात्र खूप रडले, त्यासाठी वेळ होता.

चार दिवसांनी बोट होती. कुठे उतरले, कधी गेले, कधीच कळलं नाही. आदल्या दिवशी आईने, वडिलांना न सांगता, शेवटचा डबा दिला. ते पेटीवर बसले होते, हाताला धोतराची चिंधी. मी सगळं सांगितलं. वर मीच ऐटीत म्हणाले, की आत्ता जाऊन चाळीच्या चौकात उभी राहते आणि खरं काय ते ओरडून सांगते. मला वाटलं, ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

ते म्हणाले, ‘लोक म्हणतत, सायबान मॅच विकल्यान. म्हणजे सायबाक बॉल धरूक येता, असा तेंका अजून वाटता. तू खरा सांगलस तर मी नुसतो करवंटेर पडलेलो म्हातारो. गप रव, चेडवा, आणि डबो ठेवन जा.’