टपरीवरचे फुगे

“फुगीव की रं.”

दादानं निरोधाचं पाकीट फोडून माझ्या हातात ठेवलं. बाजाराचा दिवस. कडेगावकडच्या एका गावातली चहाची टपरी. दादा म्हणजे सरपंचाचा भाऊ, माझ्याहून कितीतरी लहान. माझी पिशवी त्यानं बाकड्यावर उपडी केली होती. डब्याखाली दडवलेली पाकिटं सगळ्यांसमोर पडली होती.

मी फुगवला. ओठांना तेलकट चव आली. लोक हसले.

“आजून एक.”

तोही फुगवला.

“आडनाव काय तुझं?”

सांगितलं.

“तरीच. आन् ह्ये बाप्याबाप्यांच्या धंद्यासाठी व्हय? तू बी तसलाच काय?”

“न्हाई दादा. मला बायको हाय, पोरगी हाय. पोटासाठी करतुय ही नोकरी.”

हे मी बोललो. हात जोडून बोललो.

गर्दीत फौजी उभा होता. त्याला इथे फौजी म्हणतो. फौजेत होता की नव्हता, ते सांगणार नाही. घरी बायकामुलं, पण जीव जडतो तो पुरुषावर. अशा पुरुषांना निरोध वाटायचे, एचआयव्हीच्या तपासणीला आणायचं, ही माझी नोकरी; पण यायला तो तयारच नव्हता. दरवेळी यायचा, दवाखान्यातल्या केंद्राच्या दारातून परत फिरायचा. शेवटी कराडच्या स्टँडवर मी त्याला म्हणालो, “भिऊ नको गड्या. मी बी तुझ्यासारखाच हाय.” त्या एका वाक्यावर तो आत आला. एचआयव्ही निघाला. गोळ्या सुरू झाल्या. रोज घेतल्या तर नातवंडं खेळवशील, असं मी सांगितलं आणि त्यानं ते मानलं.

त्या दिवशी टपरीवर तोही हसत होता. हसणं त्याला भागच होतं. माझं “न्हाई” ऐकलं आणि त्याचं हसू थांबलं.

नंतर त्यानं माझा फोन उचलला नाही. काही दिवसांनी केंद्रातल्या ताई म्हणाल्या, “तुमचा माणूस गोळ्या न्यायला आलाच न्हाई. आजार उलटंल त्याचा. काय झालं वो?”

ज्या वाक्यावर तो आत आला होता, तेच मी टपरीवर मोडलं होतं.

आमच्या कामात एक नियम आहे. बाहेर ओळख दाखवायची नाही. घरी जायचं नाही, कुणाबरोबर निरोप धाडायचा नाही, समोर आला तरी परका. या नियमानं किती जणांचे संसार आणि जीव वाचलेत. आता त्यानंच माझी वाट अडवली. एकच जागा उरली. दर बाजाराला फौजी त्या टपरीवर बसतो. जिथं खोटं बोललो, तिथंच खरं बोलायचं. त्याच्याकडं न बघता.

पुढच्या बाजाराला एसटीतून उतरलो. मारतील. पोरीचं लग्न जमत आलंय, ते मोडेल. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. परतीची गाडी समोर उभी होती. कंडक्टर दार लावेपर्यंत मी तिच्याकडं बघत राहिलो.

“आला रं फुगंवाला!” दादा ओरडला.

फौजी कोपऱ्यात पेपर उघडून बसला होता.

“दादा, त्या दिवशी तुमी एक इचारलं हुतं. मी खोटं बोललो. मी तसलाच हाय.”

दादा बाकड्यावरून उठला.

“परत म्हण.”

“मी तसलाच हाय.”

त्यानं हातातला चहा माझ्या छातीवर फेकला. पिशवीतलं पाकीट ओढून माझ्या तोंडासमोर धरलं. “फुगीव.”

“न्हाई फुगवणार.”

कानाखाली बसली. टपरीवाले म्हातारबा मधे आले, “आवं दादा, आसूं द्या की, गिऱ्हाईक हाय माझं.”

फौजीनं मान वर केली नाही. पेपरचं पान मात्र उलटायचं थांबलं होतं. मग तो उठला, पेपर घडी करून बाकड्यावर ठेवला आणि निघून गेला. त्यानं ऐकलं, एवढंच मला माहीत आहे. गोळ्या न्यायला येईल का, ते माहीत नाही.

आता एसटीत बसलोय. शर्ट अजून ओला आहे. खिशातला फोन सारखा वाजतोय, काढून बघायची हिंमत नाही. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असेल. तरी बायकोपुढं मीच बसणार, माझ्या तोंडानं सांगणार.

येत्या बाजाराला त्याच बाकड्यावर बसणार. पाकिटं पिशवीत सगळ्यात वर असतील, डबा त्यांच्याखाली. मागेल त्याला देईन. फुगवणार एकही नाही.