मुलीचा एक्झिमा आणि माझे तळहात

"हात दाखवा," उल्हासनगरच्या त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या. मी चार वर्षांच्या प्राणूचा हात पुढे केला. "तिचा नाही हो, तुमचा."

मी कचरलो. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत बारा वर्षं राबलेले माझे हात. रेषाच रेषा, कोरडे ठणठणीत. वर्षभर ते मी माझ्या लेकीला लावले नव्हते.

झालं असं, की तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत लाल चट्टे उठले. पोरगी रक्त येईपर्यंत खाजवायची. मोरिवलीत आम्ही कंपन्यांना खेटूनच राहतो, काही झालं की आमचं बोट धुराकडे. मीच ठरवून टाकलं, कंपनीतलं काहीतरी माझ्या अंगाला चिकटून घरी येतंय. मग माझे कपडे वेगळे, टॉवेल वेगळा, आंघोळ मागच्या अंगणात. प्राणू हात वर करून धावत यायची आणि मी हात मागे बांधून उभा. सुनीता, माझी बायको, म्हणायची, "अहो, घ्या की तिला." मी ऐकलं नाही. शेवटी लेकीने यायचंच सोडलं, आणि मी स्वतःच्या घरात पाहुणा झालो.

डॉक्टरांनी माझा तळहात खिडकीपाशी उजेडात धरला. "तुमच्या वडिलांचे असेच?"

"तसेच. आजोबांचे पण. पण ते दोघं शेतकरी, कंपनीच्या गेटात पाऊल नाही टाकलं कधी."

बोलून गेलो आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, हा अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे एक्झिमा. कातडीत फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन असतं. ते वरचा थर घट्ट ठेवतं, ओल धरून ठेवतं. काही घराण्यांत ते जन्मापासूनच कमी, हे अलीकडे कळलंय. अशांची कातडी कोरडी, तळहातावर रेषा जास्त.

"म्हणजे पाइपच्या जोडातलं गॅस्केट लीक," मी म्हणालो.

"करेक्ट. आतली ओल बाहेर, बाहेरची धूळ आत. कंपनीतून आलात की आंघोळ करा, कपडे बदला, बस. मग बिनधास्त उचला."

म्हणजे दिलं मीच होतं, पण कपड्यांतून नाही, रक्तातून. वाईट वाटायला हवं होतं. मला तर त्या केबिनमध्ये नाचावंसं वाटलं.

औषध साधं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. चट्टे भडकले तर स्टिरॉइडचं मलम, सांगितलं तेवढेच दिवस. कायमचं जाईलच असं नाही, पण आटोक्यात राहतं. तुमच्या घरी असं मूल असेल तर डॉक्टरांना आईबापाचे हातही दाखवा. आणि काही झालं तरी त्याला जवळ घेणं सोडू नका. हा एकाचा दुसऱ्याला लागणारा रोग नाही.

त्या संध्याकाळी मी जेलीची डबी घेऊन बसलो. प्राणू आधी लांब सरकली. मी नुसता तळहात उघडून धरला. तिने पाहिलं, जवळ आली, आपला इवलासा तळहात शेजारी ठेवला.

"पप्पा, सेम टू सेम."

आणि मग तिने दोन्ही हात वर केले.