वडाची फांदी कोणी बदलली

“भावाबहिणीच्या लग्नाला आमी अक्षता टाकत नसतो, म्याडम,” असे म्हणून यमुनाबाईंनी मूठभर तांदूळ ताटात परत ठेवले. वऱ्हाडी म्हणून आणलेल्या आंबवडे गावच्या बाकी बायकांनीही मुठी रित्या केल्या.

आमच्या मालिकेतील समर आणि मीरा मांडवात ताटकळत उभे होते. समरचे काम करणारा नट पाच वाजता निघणार होता आणि पुढे महिनाभर मिळणार नव्हता. हे लग्न पार पडले की मला लेखन विभागात घेण्याचे ठरले होते.

मी जनुकशास्त्रात एम.एस्सी. आहे. मालिकेत कन्टिन्युइटी सांभाळते, म्हणजे एका शॉटमधील वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशीच आहे ना, ते पाहते.

“भाऊबहीण कसे?”

“काल टीव्हीवर बघितलं की! दोन्ही घरी देवक कळंबाचं. येक देवक म्हंजी येक कूळ. लगीन हुतं व्हय?” मग त्या थबकल्या. “पर नवरीकडं म्या सोता वड ठेवला व्हता. कुणी बदलला?”

मीच बदलला होता. दोन्ही घरांची दृश्ये आम्ही यमुनाबाईंच्याच घरात घेतली होती. लग्नाआधी देवक म्हणून पुजली जाणारी फांदी नवऱ्याकडच्या आदल्या शॉटमध्ये कळंबाची होती. नवरीकडे वड दिसताच मी तो कन्टिन्युइटीची चूक समजून काढायला लावला. दोन नमुन्यांना एकच लेबल लावणाऱ्याला मी प्रयोगशाळेतून हाकलले असते.

दिग्दर्शक कुजबुजले, “लग्न खोटं आहे, सांग त्यांना.”

“सांगितलं, सर. त्या म्हणतात, मग अक्षताही पडल्या असं समजा.”

घड्याळात चार वाजले होते.

“फांदी काकूंनी बदलली,” मी मोठ्याने जाहीर केले. काकू म्हणजे मालिकेतील खलनायिका. समरच्या गळ्यात तिला स्वतःची भाची बांधायची असते.

काकूंचे काम करणाऱ्या ताई दचकल्या. “मी? कधी?”

“काल. मीराच्या खऱ्या वडिलांचं गुपित तुम्ही वर्षभर दडवलंत, ताई. एक फांदी काय जड आहे?”

ताईंनी भर मांडवात कबुली दिली, पहिल्याच टेकमध्ये.

“मला वाटलंच व्हतं! लई आतल्या गाठीची बाई!” यमुनाबाई कडाडल्या आणि त्यांनी अक्षता अशा त्वेषाने फेकल्या की समरला डोळे मिटावे लागले. पावणेपाचला लग्न लागले.

दुसऱ्या सकाळी यमुनाबाईंनी सगळ्या युनिटला चहा दिला, ताई सोडून. खरा प्रकार सांगण्यासाठी मी उठलेही होते. पण तोवर काकूंनी फांदी बदलल्याचे कथानक चॅनेलने मंजूर केले होते, आणि माझी बढतीही.