पाटीवरचं कृष्णकमळ

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर पॅशन फ्रूटचे दोन वेल आहेत. रोपवाटिकेतल्या माणसाने एक जांभळ्या फळाचा, एक पिवळ्या फळाचा असं सांगून दिले. कोणता कुठला, हे विचारल्यावर ‘फळ आलं की कळेल’ म्हणाला. हा प्रामाणिकपणा मला आवडला. पण तितकं थांबावं लागलं नाही. वेल आधाराला धरण्यासाठी जे तणावे काढतो, ते एकाचे तांबूस होते, दुसऱ्याचे नुसते हिरवे. मग फुलं आली. हिरव्या तणाव्यांच्या वेलाची फुलं सकाळी उमलायची आणि आपण जेवायला बसेपर्यंत मिटायची. तांबूसवाल्याची तेव्हा कुठे डोळे उघडायची. म्हणजे सकाळचा जांभळा, दुपारचा पिवळा. पिवळ्याला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसरं पिवळं रोप लागतं, म्हणून तो नुसताच फुलायचा. जांभळ्याला मात्र भांडी विसळलेल्या पाण्यावर लिंबाएवढी हिरवी फळं धरली. ती तोडायची नसतात. पिकली की रंग बदलतात आणि आपणहून खाली पडतात.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक साहेब राहतात. कुठल्याशा खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्याकडे माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. कॉलनीतल्या झाडांना नावं देणं हे त्यांनी उरलेलं आयुष्यकार्य मानलं आहे. हिरवी पाटी, पांढरा ऑइलपेंट, खाली संस्कृत नाव. बागेतल्या आसुपालवाला त्यांनी ‘अशोक’ अशी पाटी लावली तेव्हा नारळ फुटला, दोन भाषणं झाली. खरा अशोक वेगळा, हे त्या गर्दीत निदान चौघांना ठाऊक होतं. त्यातली एक मी. आम्ही चौघांनीही टाळ्या वाजवल्या आणि पेढा खाल्ला.

तर हे साहेब एकदा गच्चीवर आले. फूल पाहून त्यांनी कौरव, पांडव आणि ब्रह्मा-विष्णू-महेश बोट लावून मोजून दाखवले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रीलला ‘कृष्णकमळ’ अशी पाटी तारेने बांधली. त्यांच्या फाटकावर खरोखरच कृष्णकमळ आहे. मी म्हटलं, तुमच्या वेलाच्या पानाला पाच बोटं आहेत, याच्या पानाला तीन.

“पाणी मिळेल तशी बोटं काढतो वेल, मॅडम,” ते म्हणाले.

मी हसले आणि चहा ठेवला. पाटी काढली असती तर ते दुखावले असते. चार वर्षांचा शेजार होता.

तेव्हा आई माझ्याकडे राहायला आलेली होती. सिल्लोडकडच्या खेड्यात तिचं लहानपण शेळ्यांमागे गेलेलं. रानातला पाला ती हाताने चुरडून, वासाने ओळखायची. वडील गेल्यापासून तिला झोप नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती देवघरातल्या डबीत साठवायची आणि विचारलं की, ‘घेतली की’ म्हणायची. दुपारी फाटकाशी बसून ती येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची. साहेबांशीही. झोपेवर कृष्णकमळाचा काढा रामबाण, हे त्यांनी तिला तिथेच सांगितलं. हे मला फार उशिरा कळलं.

आधी मला दिसलं ते एवढंच, की वेलाची खालची पानं कमी होत होती. मला वाटलं अळी. मी कडुनिंबाचं तेल फवारलं. मग हिरवी फळं कमी व्हायला लागली. अळी देठासकट फळ नेत नाही, हा विचार माझ्या मनात आला होता. पण त्याच आठवड्यात आई दुपारची झोपायला लागली होती आणि घरात सगळे त्यावर खूश होते. मीही होते. ‘लई जड झोप लागती आता,’ ती म्हणाली, तेव्हा तिची जीभही थोडी जड होती. मी चादर नीट केली आणि दार लोटून घेतलं.

त्याच सुमारास मी वेल छाटला आणि फांद्या फाटकाबाहेर टाकल्या. गल्लीतून रोज एक बाई शेळ्या घेऊन जाते. त्यांनी कुंपणाची बोगनवेल खाल्ली, लग्नपत्रिकेचं पाकीटही खाल्लं. वेलाच्या फांद्या हुंगल्या आणि मागे सरल्या. शेळी ज्याला तोंड लावत नाय ते माणसानं चाखू नये, हे आईचंच वाक्य, मी लहानपणापासून ऐकलेलं. मी तिला त्याची आठवण करून दिली, गमतीने.

“शहरातल्या शेळ्या ह्या,” ती म्हणाली. “त्यांना काय वळख?”

पाच-सहा दिवसांनी दुपारी मी तिला चहाला हाक मारली. ओ आली नाही. ती ओट्याशी भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे, ओठ निळसर. गॅसवर पातेलं होतं. त्यात तीन बोटांची पानं आणि चिरलेली हिरवी फळं. कडू वास घरभर होता. बहुधा बरेच दिवस असणार.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणता वेल? आयुष्यात प्रथमच या प्रश्नाचं अचूक उत्तर कुणाला तरी हवं होतं. मी सांगितलं: कृष्णकमळ नाही, पॅशन फ्रूट, जांभळं, कच्ची फळं आणि पानं. अशा कच्च्या फळांत आणि पानांत विष असतं, ते म्हणाले. किती दिवस घेत होत्या? ते मला सांगता आलं नाही.

साहेब शहाळं घेऊन भेटायला आले. प्रमाण चुकलं असेल, असं त्यांचं मत पडलं. ते गेल्यावर आई म्हणाली, “पाटीवर लिव्हलं व्हतं की, बाई. तू नव्हतं वाचलं?”

“वाचलं होतं,” मी म्हटलं.

तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आई घरी आली आहे. हात थोडा कापतो आणि कधीकधी गल्लीतल्या शेळ्यांना लहानपणीच्या शेळ्यांच्या नावांनी हाका मारते. पाटी मी तिला दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी काढली. आसुपालवावरची आहे तशीच आहे. वेल मुळासकट काढावा असं घरातले म्हणतात. आई नको म्हणते. फळाचा काय दोष, म्हणते. तेही खरंच आहे.

आता उरलेली फळं पिकू लागली आहेत. गच्चीवर टप् असा आवाज होतो, की आम्ही दोघी जिन्याकडे पाहतो. मग मी उठते. भराभर उठते, म्हणजे ती माझ्याआधी पोचू नये. वर गेल्यावर प्रत्येक फळ उजेडात धरून पाहते, पूर्ण जांभळं झालंय की देठाशी अजून हिरवं आहे. खाली आले की ती हात पुढे करते आणि म्हणते, “पिकलंय नव्हं? तू सांगशील तसं.”