भाकरीच्या तालावर इटालियन

हर्सूलला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू ज्वारीची भाकरी थापता थापता इटालियन क्रियापदं घोकतात. मुलगा इटलीत नोकरीला, सून तिकडचीच, आणि लहानग्या नातीला मराठीचा गंध नाही.

मोबाईलवरच्या शिकवणीत सांगितलं होतं, 'मानजानो' म्हणजे 'ते जेवतात'. त्यातलं 'मान' ठासून म्हणायचं, बाकीचं हलकं. काकूंनी त्याची सोय परातीतच लावली: 'मान'ला जोराची थाप, 'जा' आणि 'नो'ला हलकी. भिंतीपलीकडून रोज तेच ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा म्हटलंच, "काकू, कशाला हा खटाटोप? शिकेल की पोरगी मराठी."

"शिकंल तवा शिकंल. तवर मी काय मुकी बसू व्हय?" म्हणत त्यांनी पुढचा गोळा घेतला.

परवा विरजण मागायला गेले, तर व्हिडिओ कॉल चालू होता. नात नेहमीसारखी आईमागं लपलेली. काकूंनी फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि थापायला लागल्या. "मान-जा-नो. मान-जा-नो." नात हळूच पुढं आली. तिनंही टेबलावर हात आपटून तेच म्हटलं. मग काकूंनी थापलेली भाकरी तळहातावर धरून तिला दाखवली, हिला मराठीत काय म्हणतात ते सांगितलं. पोरीनं पुन्हा हात उचलला. मग एक जोराची थाप, दोन हलक्या.

"भा-क-री."

तव्यावरची भाकरी करपत होती. एरवी जरासा डाग पडला तरी हळहळणाऱ्या काकूंनी ती उलटलीसुद्धा नाही. आणि मीही गॅस बंद करायला पुढं झाले नाही.