पुसून टाकलेल्या चुका

रतिलाल सरांचा राग पिंप्राळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्यांच्या शेजारीच राहतो, म्हणून जरा जास्तच ठाऊक आहे. पण दोन वर्षांपूर्वी ते जे भडकले, ते अजून शांत झालेले नाहीत. त्यांनी शांत व्हावं असं मलाही वाटत नाही.

सर मूळचे पारोळ्याकडचे. नववीनंतर शाळा सुटली. मग नशिराबादला एका दुकानात तीस वर्षं जळालेल्या पंपांच्या मोटारी भरल्या, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळली. बोटं अशी तयार की जळगावच्या एका खासगी तंत्रप्रशिक्षण संस्थेने त्यांना कंत्राटावर वाइंडिंग शिकवायला बोलावलं.

तिथे पुढच्या वर्षी ई-पोर्टफोलिओ आला. प्रत्येक विद्यार्थ्याचं फोनवर एक पान. केलेल्या कामाचे फोटो त्यावर टाकायचे आणि परीक्षेतले चाळीस गुण त्या पानावर. सर आधी म्हणाले, "मोटार काय फोनमध्ये भरायची?" दोन आठवड्यांनी त्यांचं मत बदललं. त्यांना आठवलं, नशिराबादच्या दुकानात काम शिकवणारे उस्ताद बिघडलेली कॉइल ओढून भंगारात फेकायचे, आणि नेमकं काय चुकलं ते न कळल्यामुळे आपण तीच चूक चार महिने करत राहिलो.

म्हणून त्यांनी आपल्या वर्गाला नियम घातला. काम बिघडलं तर बिघडलेल्या कॉइलचाही फोटो टाकायचा. सोबत स्वतःच्या आवाजात सांगायचं, काय चुकलं, कशावरून कळलं, पुढच्या वेळी काय करणार. हे आधी वर्गाच्या ग्रुपवर पाठवायचं, मग पानावर चढवायचं. दर शनिवारी सर बावीस जणांचं ऐकायचे आणि प्रत्येकाला बोलूनच उत्तर द्यायचे. टाइप करणं त्यांना जमत नाही.

वर्गात दोन मुली होत्या. त्यातली एक दिपमाला, आमच्याच गल्लीतल्या बेबाबाईंची. बेबाबाई ब्लाउज शिवतात. दिपमालाची पहिली मोटार नुसती गुणगुणली, फिरलीच नाही. तिसरीचा करंट बॉडीत उतरला. तिचा तो आवाज मी नंतर ऐकला: "सर, मी खाचेतला कागद आखूड कापला. पत्र्याच्या कडेने तार खरवडली गेली. मेगर लावून तपासलं तर काटा शून्यावर आला. आता कागद दोन्हीकडून बाहेर काढीन." नववी मोटार फिरली. त्या फोटोत तिच्या बोटांना वार्निश लागलेलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राचार्य प्रेमराज यांनी ही पानं पहिल्यांदा उघडली आणि हादरले. बाहेरच्या परीक्षकांना जळक्या कॉइली दाखवायच्या? पानांचे पासवर्ड ऑफिसकडे होतेच; त्यांनी ऑफिसमधल्या बबलूला बसवून सगळ्यांची पानं साफ करायला लावली आणि इंटरनेटवरचे चकचकीत फोटो चढवले. दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांना तार आणायला म्हणून भुसावळला धाडून दिलं.

परीक्षक होत्या धुळ्याच्या हेमलता मॅडम. वेळ कमी होता, म्हणून त्यांनी पाचच पानं उघडली. चौघांनी मान डोलावली, "हो मॅडम, मीच केलं." पाचवी दिपमाला. फोटोत एक केसाळ मनगट होतं आणि त्यात स्टीलचं कडं.

"हे तू भरलंस?"

"मॅडम, हा हात माझा नाही."

"मग तुझ्या पानावर कसा आला?"

तिला काय माहीत! मागे उभे असलेले प्रेमराज हसून म्हणाले, "घाबरलीय मॅडम. मुली घाबरतात."

मॅडमनी शेरा मारला, दुसऱ्याचं काम. चाळीसपैकी शून्य. खोटं बोललेले चौघे पास झाले.

दुपारी सर परतले तेव्हा दिपमाला गेटपाशी रडत होती. तिचं ऐकून सरांनी फोनवर वर्गाची पानं उघडली; सगळीकडे परकेच फोटो. ते तारेचं बंडल तिथेच टाकून थेट प्राचार्यांच्या खोलीत शिरले. चिडले की त्यांच्या तोंडी गावची बोली येते. "हाई काय शे? पोरेसनं बठ्ठं पुसी टाकं तुम्हीं?"

"संस्थेचं नाव राखलं," प्रेमराज म्हणाले.

"चुका होत्या त्या! वर्षभर त्यातूनच शिकली ती पोरं. तुम्ही त्यांचं शिकणंच पुसलं."

"सर, तुमचं कंत्राट मार्चपर्यंत आहे, लक्षात असू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सर, दिपमाला आणि बेबाबाई धुळ्याला गेले. मॅडम आधी म्हणाल्या, निकाल पाठवला, आता काही होणार नाही. सरांनी वाद घातला नाही. फोन टेबलावर ठेवला आणि ग्रुपवरचे आवाज लावले. जूनपासूनचे, तारखेसकट. पहिली मोटार, दुसरी, तिसरी. मॅडमनी फाइल बाजूला सारली.

"तिसरीनंतर चौथीत काय बदललंस?" त्यांनी दिपमालाला विचारलं.

दिपमालाने टेबलावरचा कोरा कागद घेतला, घडी घालून खाचेचा आकार केला आणि कड कुठपर्यंत बाहेर हवी ते दाखवलं. बेबाबाई म्हणाल्या, "घरी माझ्या कापडाच्या चिंध्यांवर हेच करत बसायची."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "पाच पानं बघून मी बावीस जणांचा निकाल लावला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच्या चुकीसकट अहवाल लिहिला.

महिन्याने सगळ्यांची फेरतपासणी झाली. जुने आवाज ऐकून, समोर बसवून. दिपमालाला चौतीस मिळाले. आज ती चाळीसगावला एका पंपाच्या दुकानात मोटारी भरते. प्रेमराजांना एक समजपत्र आलं. खुर्ची जागेवर आहे. सरांचं कंत्राट मार्चमध्ये संपलं, पुढे वाढवलं नाही. आता ते स्वतःच्या छोट्या दुकानात मोटारी भरतात.

संस्थेत त्यांच्या जागी आलेला तरुण शिक्षक, सुकदेव, गेल्या आठवड्यात सरांच्या दुकानात आला. तुम्ही ते आवाजाचं कसं करायचात, हे विचारायला. सरांनी त्याला अर्धा तास झाडलं, संस्थेवरून, प्रेमराजांवरून, गप्प राहिलेल्या प्रत्येकावरून. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. मग सरांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "पहिलं म्हणजे, पोरांच्या पानांचा पासवर्ड ऑफिसला द्यायचा नाही. आता लिहून घे."