भडक्याने घेतलेला टब

त्याचं खरं नाव घरच्यांखेरीज कोणी घेत नसे. गिऱ्हाइकं, गवंडी, दुकानदार, सगळे त्याला भडका म्हणत, आणि तोंडावर म्हणत; कारण मागून म्हटलं काय नि समोर म्हटलं काय, तो भडकायचा तो भडकणारच. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या घरी नळ, गीझर आणि टब बसवले आणि पस्तीस वर्षं तो चिडत राहिला. गळक्या वॉशरवर चिडे, वाकड्या टाइल्सवर चिडे, दुसऱ्या प्लंबरने केलेलं काम उघडून बघताना तर त्याच्या तोंडाला काही धरबंद राहत नसे. पण सगळ्यांत जास्त चिडे तो टब घ्यायला निघालेल्या माणसांवर.

कारण लोक टब डोळ्यांनी घेतात. टाइल्सला शोभेल का, पाहुणे काय म्हणतील, कडा गोल बरी की चौकोनी, असली चौकशी दोन-दोन तास चालते, आणि ज्या पाठीला त्यात टेकायचंय त्या पाठीला कोणी विचारत नाही. हे पाहिलं की भडक्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तो गिऱ्हाइकाला दुकानाच्या मधोमध उभं करून म्हणे, “चपला घेताना पायात घालून बघता ना? चार पावलं चालून बघता. आणि ज्यात अंगावर चिंधी नसताना पडून राहायचं, तो टब लांबून बघून घेता? उतरा आत.”

माणसं लाजत. भर दुकानात, अंगभर कपड्यांनिशी, कोरड्या टबात जाऊन बसायचं म्हणजे काय? पण भडका सोडत नसे. पाठ टेकवायला लावी, डोळे मिटायला लावी, आणि स्वतः समोरच्या टोकाशी उकिडवा बसून त्यांचे तळवे बघे. तळवे समोरच्या भिंतीला टेकले पाहिजेत आणि गुडघे किंचित वाकलेले पाहिजेत, हा त्याचा कायदा होता. टेकले नाहीत तर टब लांब. पाणी भरलं की अंग हलकं होतं, पायाला टेकू नसला की माणूस खाली घसरत जातो, आणि मग आराम राहतो बाजूला, कडा धरून लटकत बसावं लागतं. एका जाडजूड वकीलसाहेबांना टबातून उपसून काढायला दोन माणसं लागली. साहेब लालबुंद झाले, पण दुसरा टब घेऊन गेले, आणि पुढे वर्षभर भेटेल त्याला भडक्याचं नाव सांगत होते.

दुकानाचा मालक मात्र भडक्याच्या नावाने बोटं मोडत असे. मांडून ठेवलेल्या टबांना चरे पडतात म्हणून त्याने ‘टबात बसू नये’ अशी पाटी लावली होती. भडका आला की आधी ती पाटी उलटी करी आणि मग बोलायला सुरुवात करी.

एवढं लोकांना शिकवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी टब नव्हता. दोन जिने चढून गेल्यावर तीन खोल्या, कोपऱ्यात लहानशी न्हाणी, तिच्यात एक बादली, एक स्टूल आणि दोन वर्षं ठिबकणारा नळ. त्या नळाबद्दल बोललेलं भडक्याला खपत नसे.

त्याच्या बायकोने इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं काढली होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं ओल्या फरशीवर उभं राहून. नोकरी संपली आणि दोन वर्षांत तिचे खुब्याचे सांधे गेले. चालताना भिंत धरावी लागे, वाकता तर येतच नसे. मुलगी सकाळी कामावर जायच्या आधी तिला स्टुलावर बसवून अंघोळ घाली. मुलीचा हात हलका होता, बोलणं गोड होतं, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. तरी बायको ती पंधरा मिनिटं डोळे घट्ट मिटून घेई, आणि बाहेर आल्यावर तासभर कोणाशी बोलत नसे.

गरम पाण्यात बसायला मिळालं तर सांधे मोकळे होतील, असं डॉक्टर म्हणाले, आणि घरात टबाचा विषय निघाला. त्या संध्याकाळी बायको एवढंच म्हणाली, “मला माझी अंघोळ माझ्या हातानं करायची आहे. दार लावून.”

भडक्याने ते ऐकलं आणि त्याला स्वतःचाच राग आला. हे आपल्याला आधी सुचू नये? लोकांच्या बायकांना सुखात बसवत हिंडलो आणि आपली स्टुलावर बसून दात आवळते. रागाच्या त्याच तिरीमिरीत त्याने ठरवलं, की आणायचा तर असा टब आणायचा की आख्ख्या इमारतीत कोणी पाहिला नसेल.

रविवारी तो दुकानात जायला निघाला, तर बायको बाहेर जायचे कपडे घालून, चपला चढवून खुर्चीत तयार बसलेली. “मीपण येते,” ती म्हणाली. तो म्हणाला, तू कशाला? दोन जिने उतरायचे, पुन्हा चढायचे, उद्या अंथरुणाला खिळशील. आणि तुझं माप मला पाठ आहे, सदतीस वर्षं झाली लग्नाला.  बायकोने चपला काढल्या आणि मुलीकडे दिल्या.

दुकानात त्याने सवयीने पाटी उलटी केली आणि स्वतः टबात उतरला. पस्तीस वर्षांत शेकडो टब त्याने खांद्यावरून जिने चढवले होते, पण एकातही तो कधी बसला नव्हता. टब पांढराशुभ्र, लांबलचक, पाठीला छान उतार असलेला. त्याने पाय पसरले. ते थेट टोकापर्यंत पोचले. मान बरोबर जागी टेकली. आयुष्यभर वाकून वाकून कामातून गेलेली त्याची कंबर सुटली आणि त्याच्या तोंडून चक्क “आहाहा” निघालं. त्याच क्षणी त्याने टब पक्का केला. मालकाने घाबरत घाबरत विचारलं, की वहिनींची उंची किती? भडका म्हणाला, तू मला शिकवणार?

काम त्याने असं केलं की विचारू नका. न्हाणीची अर्धी भिंत पाडली, निचऱ्याचा पाइप हलवला, टबाखाली विटांचा पक्का पाया घातला, टबाची पातळी सूतभरही चुकू दिली नाही. ठिबकणारा नळ काढून नवा लावला. बायकोने मागितली होती म्हणून दाराला आतून जाडजूड कडी बसवली. चार दिवस तो कोणावरही ओरडला नाही. शेजारी चौकशीला आले, की त्याची तब्येत बरी आहे ना.

पाचव्या दिवशी सकाळी मुलीने आईला हात देऊन टबात उतरवलं आणि ती बाहेर आली. बायकोने कडी लावायचाही हट्ट धरला होता, म्हणून भडक्याने कडीला एक लांब दोरी बांधून दिली होती. टबातून ओढली की कडी सरके. कडी सरकल्याचा आवाज आला. भडका बाहेर हाताची घडी घालून उभा राहिला, तोंडावर असं समाधान, जणू धरण बांधून झालं.

दोन-तीन मिनिटं गेली. मग आतून धप्पकन काहीतरी आपटलं, पाणी उसळलं, आणि एक आवाज आला, जो आवाज नव्हताच, नुसती बुडबुड होती. भडक्याने हाक मारली. उत्तर नाही. त्याने खांदा दिला. कडी त्यानेच बसवलेली, त्यामुळे ती पहिल्या धक्क्याला बधली नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला चौकटीसकट आली. आत बायकोचं तोंड पाण्याखाली होतं आणि दोन हात हवेत काहीतरी शोधत होते.

त्याने तिला काखेत हात घालून ओढून बाहेर काढलं. ती खोकली, पाणी ओकली, पुन्हा खोकली. मुलीने चादर आणून गुंडाळली. आणि ती श्वास घेतेय एवढं कळल्याबरोबर भडका पेटला. मुलीवर ओरडला, की आईला एकटीला सोडून आलीसच कशी. टब बनवणाऱ्यांचा उद्धार केला. मग बायकोकडे वळला.

“धरायचं नाही का कशाला? पाय नाही का लावायचे समोर?”

“लावले असते,” बायको म्हणाली. तिचे दात वाजत होते. “पोचतच नव्हते कुठे.”

“मग आधी सांगायचं नाही?”

“कधी सांगणार? मी येते म्हटलं होतं.”

एवढं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली. जी गोष्ट भडका पस्तीस वर्षं परक्यांच्या गळी उतरवत होता ती त्याला माहीत नव्हती असं नाही. त्याने बायकोला त्या गोष्टीतून वगळलं होतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. मुलगी म्हणाली, “बाबा, आता तुम्ही जरा बाहेर थांबा,” आणि तो थांबला.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा स्टूल आलं. स्टूल ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते त्या पांढऱ्या टबाच्या शेजारी, दाराच्या तोंडाशी ठेवावं लागलं, आणि दार आता लागतच नव्हतं. मुलीने दोरीवर चादर टाकून आडोसा केला. पूर्वी निदान दार तरी होतं. बायको आता तासभर नाही, दिवसदिवसभर बोलेनाशी झाली.

भडक्याने टब उखडला. तो परत घ्यावा म्हणून दुकानात गेला, तर मालकाने वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं एका वाक्यात वसूल करून घेतलं. “लोकां सांगे ब्रह्मज्ञान,” तो हसत म्हणाला, “वहिनींना बसवून नाही बघितलं?”

एरवी भडक्याने दुकान डोक्यावर घेतलं असतं. राग आलाही, अगदी कानशिलं तापली. पण बोलायला जावं तर समोरचा बोलत होता ते शब्द आपलेच. तो म्हणाला, “नाही बघितलं,” आणि घरी आला.

रविवारी त्याने स्वतः बायकोच्या चपला आणून तिच्या पायाशी ठेवल्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, मग उठली. दोन जिने उतरायला पाऊण तास लागला. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला भडका. तो पायऱ्यांवर चिडत होता, कठड्यावर चिडत होता, ज्याने जिना बांधला त्याच्या सात पिढ्यांवर चिडत होता, पण सगळं तोंडातल्या तोंडात.

दुकानात मालकाने स्वतः पाटी उलटी केली. बायको एकेका टबात बसू लागली. भडका समोर उकिडवा बसून तळवे बघायला गेला, तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही तिकडे बसा. माझे पाय मला कळतात.” तो खुर्चीत जाऊन बसला. सहा टब झाले. प्रत्येकात ती पाय लावून बघे, हात टेकून उठून बघे, आणि मान हलवी. भडक्याला दोनदा उठून बोलावंसं वाटलं. मुलीने दोनदा त्याची बाही धरली.

मग बायकोचं लक्ष गोदामाच्या दाराआड गेलं. तिथे एक टब उभा होता. आखूड, खोल, आत बसायला पायरी, एका बाजूला उघडणारं दार, आणि रंग शेवाळासारखा. मालक म्हणाला, की तो कोणी घेत नाही, दिसायला वाईट आहे. बायकोने तो मांडायला लावला. दारातून आत गेली, कोणाचा हात न घेता पायरीवर बसली, तळवे समोर टेकवले, आणि डोळे मिटले. ती स्टुलावर डोळे मिटायची, तसे हे घट्ट मिटलेले नव्हते.

“धुलाईघरातल्या हौदासारखा आहे,” ती म्हणाली. “शनिवारी हौद घासायला आम्ही आत उतरायचो. शेवटचं कोमट पाणी सोडायच्या आधी सगळ्याजणी दहा मिनिटं त्यात बसायचो. कपड्यांसकट. काय हसायचो.”

भडक्याने सदतीस वर्षांत हे एकदाही ऐकलं नव्हतं. “मला कधी बोलली नाहीस,” तो म्हणाला.

“तुम्ही घरी आलात की तुमचंच चालायचं. याचा नळ, त्याची टाइल. तुमच्या ओरडण्यात माझं हसणं कुठे सांगत बसू?”

ती हे रागाने म्हणाली. सदतीस वर्षांचा राग होता, आणि तो इतका शांत होता की भडक्याला आपला सगळा आरडाओरडा त्यापुढे पोरखेळ वाटला. भडका उठला, टबाच्या दारापाशी गेला आणि म्हणाला, “हाच घेऊ.” बायको म्हणाली, “मी घेतलाय तो.”

टब बसला. चौकट नवी आली. पहिल्या दिवशी बायको आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. भडका बाहेर उभा राहिला. नळ सुरू झाला, पाणी भरलं, नळ बंद झाला. मग काहीच ऐकू येईना. त्याने हाक मारली. आतून उत्तर आलं, “आहे.” थोड्या वेळाने तो म्हणाला, की पाणी गार झालं असेल, जास्त वेळ बसू नकोस. आतून उत्तर आलं, की नळ हाताशी आहे. मग तो दाराला कान लावून, श्वास रोखून नुसता उभा राहिला.

“दाराखालून तुमचे पाय दिसताहेत,” आतून आवाज आला. “जा.”

भडक्याला राग आला. भीती वाटत असूनही आला, की भीती वाटत होती म्हणूनच, ते त्याचं त्याला कळलं नाही. ओठांपर्यंत आलेलं त्याने गिळलं. तो घराबाहेर पडला, दोन्ही जिने उतरला, रस्ता ओलांडला, आणि तिने हाक मारली तरी ऐकू येणार नाही इतक्या लांब जाऊन उभा राहिला.